हकनाकटॉश

प्रिय दादा,

तुझा मेसेज मिळाला. 'कशी आहेस' हे त्यात नव्हतं, म्हणून आपणहून सांगते: बरी आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, ऑफिसात लोक अजून पासवर्ड विसरतात आणि माझ्याकडे असं बघतात की जणू तो मीच चोरला. झालं माझं. आता तुझं. तू लिहिलं आहेस की मशीनचे पोर्ट गेले, बाबांच्या आवाजाची डिस्क लावली की ती टकटक करते आणि बंद पडते, बहुतेक मरायला टेकली आहे. रविवारी मोठ्या हॉलमध्ये फिल्म दाखवायची आहे, आणि डिस्कवरचा आवाज मिळाला नाही तर ती मागे घ्यावी लागेल. 'दुसरी कॉपी आहे का? अर्जंट.' आणि पुढे जोडलेल्या हातांचं चित्र. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. यात हरी कोण ते तू ठरवलेलंच असशील, तेव्हा उरलेली जागा माझी. मी तुला तिथल्या तिथे उत्तर दिलं, 'सविस्तर लिहिते.' तेव्हापासून तू सारखा फोन करतो आहेस आणि मी उचलत नाहीये, कारण मी लिहिते आहे.

कागदावर का, असं तुला वाटेल. फोनवर सांगितलेलं तुझ्या डोक्यात शिरत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. समोरच्याचं दुसरं वाक्य सुरू व्हायच्या आत तू 'हो हो, कळलं' म्हणतोस. कागद मशीनशेजारी ठेवता येतो, ओळीवर बोट ठेवून पुढे जाता येतं. आणि खरं सांगायचं तर तुला पत्र लिहावं असं मला बरेच दिवस वाटत होतं. विषय तेवढा मिळत नव्हता.

तर आधी तुझा जीव भांड्यात पडू दे. डिस्क मेलेली नाही, ठणठणीत आहे. ती जुन्या पद्धतीची आहे, तिच्या आत चकती फिरते, आणि ती फिरवायला नीट वीज लागते. मशीनच्या मागच्या निळ्या भोकांतून, म्हणजे जलद यूएसबी पोर्टांतून, ती मिळायची. आत्ता तुझं मशीन त्या निळ्या भोकांना निळी म्हणून ओळखतच नाहीये. ते त्यांना जुनी, मंद भोकं समजतंय आणि त्यांच्या हातावर जेमतेम पोटापुरतं टेकवतंय. चकती उठायला जाते, टक करते, बसते. पुन्हा उठते, पुन्हा बसते. तुला वाटतं ती मरते आहे. ती उपाशी आहे रे. हा फरक जवळ बसल्याशिवाय कळत नाही, आणि जवळ बसणं हे तुझं खातं कधीच नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही धड कॉम्प्युटरला लावली असतीस तरी ती सुरू झाली असती. पण तू ती भीतीने हातरुमालात गुंडाळून कपाटात ठेवली असशील, माझी खात्री आहे.

हे मशीन बांधलं ते दिवस तुला आठवतात का, मला शंका आहे. तुला तुझ्या फिल्मच्या कामासाठी मॅक कॉम्प्युटर हवा होता आणि हवा तसला परवडत नव्हता, म्हणून मी सुटे भाग जमवून घरीच पेटी बांधायला घेतली. तिने मॅकच्या ऑपरेटिंग प्रणालीला आपण खरा मॅक आहोत असं पटवायचं, एवढीच त्यातली गंमत. महिनाभर जेवणाच्या टेबलावर ती पोट उघडं टाकून पडली होती आणि आपण तिघं मांडीवर ताटं घेऊन जेवत होतो. अशा घरगुती मॅकला हॅकिंटॉश म्हणतात असं मी सांगितल्यावर बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिला आणि म्हणाले, 'हकनाकटॉश. हकनाक माझ्या पोरीला छळतंय.' तेव्हापासून आपल्या घरात त्याचं तेच नाव पडलं. मी हसून हसून लोळले होते. तू हसला नाहीस. तू विचारलंस, 'पण होणार कधी?'

आता पोर्टांचं नीट वाच. हे तुला तेव्हाही सांगितलं होतं. बोर्डावर भोकं भरपूर असतात, पण ही प्रणाली त्यातली पंधराच मानते. त्यात पुन्हा लबाडी अशी की प्रत्येक निळ्या भोकाची दोन नावं असतात, एक हळू चालायचं आणि एक वेगाने चालायचं, आणि मोजताना दोन्ही धरतात. शिवाय बोर्डाच्या पोटातही भोकं असतात, बाहेरून न दिसणारी, ब्लूटूथ वगैरेची. तीही त्याच पंधरांत. म्हणजे कुणाला ठेवायचं आणि कुणाला घालवायचं हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं आणि त्याचा नकाशा लिहून प्रणालीच्या हातात द्यावा लागतो. नाही दिला, तर ती पुढे उभी असलेली पंधरा घेते आणि बाकीच्यांना ओळखच देत नाही. पुढे उभी असतात ती बहुतेक मंदच. तुझा कीबोर्ड चालतो आणि डिस्क चालत नाही, ते यामुळे.

हा नकाशा बाबांनी आणि मी मिळून काढला. तू त्या दिवसांत कुठे होतास ते आता आठवत नाही, पण घरात नव्हतास. बाबा आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत आले. तिथे एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचतो आणि दुसरा छापलेल्या कागदावर खुणा करतो, आणि वाचणारा नुसते शब्द वाचत नाही, 'स्वल्पविराम', 'प्रश्नचिन्ह', 'नवा परिच्छेद' हेही उच्चारतो, नाहीतर चूक निसटते. आमचं तसंच चाललं होतं. मी टेबलाखाली शिरून एकेका भोकात आधी मंद पेनड्राइव्ह खुपसायचे, मग जलद, आणि बाबा स्क्रीनपुढे बसून कुठली ओळ उजळली ते वाचायचे. 'सात, जिवंत, पूर्णविराम. पुढचं?' 'आठ, मुकं. मुकं की तू नीट बसवलं नाहीस? प्रश्नचिन्ह.' निवृत्त झाल्यावर त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. पुढच्या बाजूची दोन भोकं घालवायची ठरली तेव्हा त्यांना चक्क वाईट वाटलं.

तरी शेवटी एक खोट राहिलीच होती. मशीनला झोपवलं की ते लगेच उठायचं. बाबा म्हणाले, 'म्हातारं झालंय, झोप लागत नाही, असू दे.' मी शोधत बसले, तर ब्लूटूथचं पोटातलं भोक मी 'बाहेरचं' म्हणून नोंदवलं होतं. कुणीतरी बाहेरून सारखं दार वाजवतंय असं समजून ते बिचारं दचकून उठत होतं. 'आतलं' असं लिहिल्यावर ते निवांत झोपलं, आणि दुसऱ्या दिवशी तू येऊन त्यावर कामाला बसलास. पहिल्या फिल्मच्या पार्टीत तू मला सगळ्यांपुढे उभं केलंस आणि म्हणालास, 'ही आमच्या घरची मेकॅनिक.' लोक हसले. मीही हसले. मला तेव्हा तो मान वाटला होता, इतकी मी बावळट होते.

आता तू काय करून ठेवलंस ते सांगते. तिथे यायची गरज नाही, तू मेसेजसोबत पाठवलेल्या स्क्रीनच्या फोटोच्या कोपऱ्यात सगळं दिसतंय. कधीतरी मशीनने तुला सांगितलं असेल की फर्मवेअरची नवी आवृत्ती आली आहे. फर्मवेअर म्हणजे बोर्डाच्या आतला तो छोटा प्रोग्राम, जो सगळ्यांच्या आधी उठतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. बहुतेक घरांत असं एक माणूस असतं आणि ते आजारी पडेपर्यंत त्याची आठवण होत नाही. तू न वाचता 'हो' दाबलंस, आणि मी बसवलेली सगळी घडी विस्कटली. मशीन अडखळायला लागलं. मला विचारलं असतंस तर एका ओळीचं काम होतं, पण मला विचारायचं म्हणजे आधी माझी आठवण यायला हवी. त्याऐवजी तू कुठलातरी व्हिडिओ बघितलास आणि त्याचं ऐकून मशीनचं नाव बदललंस.

नाव म्हणजे असं: सुरू होताना हे मशीन प्रणालीला सांगतं, मी अमुक मॉडेलचा मॅक आहे. मी त्याला त्याच्या अंगाला शोभेल असं साधं मॉडेल दिलं होतं. तू थेट सगळ्यात मोठ्या मॉडेलचं नाव लिहिलंस. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. पण बाबांनी आणि मी काढलेल्या नकाशाच्या डोक्यावर जुनं नाव लिहिलेलं आहे. प्रणाली तो उघडते, ते नाव वाचते, या नावाचं इथे कुणी राहत नाही असं ठरवते आणि मिटून ठेवते. नकाशा तिथेच आहे, त्यातला काना-मात्रा बदललेला नाही. तो वाचायला कुणी नाही इतकंच.

नाव बदलायची तुझी खोड जुनीच. पहिल्या फिल्मच्या वेळी तू स्वतःच्या नावामधून बाबांचं नाव काढून टाकलंस. पडद्यावर लांबलचक दिसतं, म्हणालास. जाहिरात आली तेव्हा बाबांनी ती खिडकीपाशी नेऊन वाचली, सवयीने खिशातली पेन्सिल काढली आणि तुझं नाव आणि आडनाव यांच्या मध्ये हंसपद काढलं. गाळलेला शब्द इथे घाला, अशी ती खूण. मग बराच वेळ बघत राहिले आणि रबराने खोडलं. मला म्हणाले, 'लेखकाची इच्छा.' छापखान्यात लेखकाने चूक तशीच ठेवायला सांगितली की मुद्रितशोधक समासात हेच लिहितो. तुला मी हे कधी सांगितलं नाही. आज सांगते आहे, कारण आज तुला ते लागावं अशी माझी इच्छा आहे.

मग तुला तिकडच्या स्टुडिओत खराखुरा मॅक मिळाला आणि तू गेलास. हकनाकटॉश इथेच राहिलं. बाबांची खाट मी त्याच खोलीत आणली, कारण तिथे उजेड बरा होता आणि रात्रंदिवस त्यांच्याजवळ बसून मला ऑफिसचं कामही करता येत होतं. त्यांच्या फुप्फुसांनी हळूहळू कामातून अंग काढून घेतलं. एका दमात बोलायची वाक्यं आखूड होत गेली. मी तुला कळवलं, तेव्हा तू म्हणालास, 'त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेव, पुढे उपयोगी पडेल.' आणि उत्तम माइक पाठवलास, कुरिअरने. दुसऱ्या दिवशी हजर. मी तो उशाशी लावला. बाबांनी त्याला विचारलं, 'दादा आत आहे का?' मला हसू आवरेना. त्यांना मात्र खोकला आवरेना. हेही डिस्कवर आहे, सुरुवातीलाच. तू ऐकलं असशील, पण ते तुला वापरण्याजोगं वाटलं नसणार.

फिल्मची कच्ची प्रत तू मला पाठवलीस याबद्दल आभार. 'बाबांना पत्र' हे नाव चांगलं आहे. तू टेबलाशी बसून पत्र वाचतोस, समोर रिकामी खुर्ची, खिडकीतून ऊन. वाचतोस छानच. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. वहिनी म्हणाली की पाहणाऱ्या एकूण एक माणसावर डोळे पुसायची वेळ येते. आणि शेवटी पडदा काळा होतो आणि बाबांचा आवाज येतो, मी कधीतरी मोबाइलवर पाठवलेल्या तुकड्यातला: 'आलं पत्र.' दमलेला, शांत, सगळं मिळाल्यासारखा. बस्स. तू कळवलं होतंस की मोबाइलवरचा तुकडा मोठ्या हॉलमध्ये डब्यातून आल्यासारखा वाटेल, म्हणून मूळ आवाज डिस्कवरून घ्यायचा आहे, आणि त्या दोन शब्दांवरच सगळी फिल्म उभी आहे.

दादा, ते शब्द मी परत परत ऐकले. बाबांनी ते वाक्य कधीही उच्चारलेलं नाही. त्या खोलीत मी होते, माइकचं बटण माझ्या हाताशी होतं. ते म्हणाले होते, 'आलं का पत्र?' तू मधला 'का' कापलास आणि शेवटी वर जाणारा सूर खाली ओढलास. काम इतकं सफाईदार आहे की सांधा कुणाला ऐकू येणार नाही. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचे गळलेले शब्द जागच्या जागी बसवले, त्याच्या तोंडातून तू शब्द उपटून काढलास. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं हा वाक्प्रचार मी आजवर दुसऱ्यांसाठी वापरत आले होते.

आणि तुला काही माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. ते 'का' डिस्कवर एकदा नाही, कितीतरी वेळा आहे. बाबा तुला विचारायला लागले तेव्हा मी तुला लिहिलं, ये. येता येत नसेल तर फोन कर, मी कानाला लावून धरते. तू लिहिलंस, 'फोनवर असं काही बोलता येत नाही मला. सविस्तर लिहितो.' मी बाबांना सांगितलं, दादा पत्र लिहितोय. त्यांना ते पटलं. लिहिण्यावर त्यांचा फार विश्वास. त्यानंतर रोज दुपारी टपालाच्या वेळेला ते चष्मा मागायचे, मी पुसून द्यायचे, आणि जिन्यात पावलं वाजली की विचारायचे, 'आलं का पत्र?' नाही म्हटल्यावर चिडायचे नाहीत. 'मोठं लिहीत असेल,' म्हणायचे. पुढे 'मोठं लिहीत असेल' एवढं म्हणायला दम पुरेना, नुसतं विचारणं उरलं. शेवटी शेवटी तर 'पत्र' हा शब्दही निघत नव्हता, नुसतं 'आलं का' म्हणायचे.

एके दिवशी मला ते बघवेना. एक कोरा कागद घेतला आणि तुझं पत्र आलं म्हणून वाचायला सुरुवात केली. तू लवकरच येणार आहेस, तुला त्यांची आठवण येते, तू पडद्यावर पुन्हा त्यांचं नाव लावणार आहेस, मनाला येईल ते वाचत गेले. बाबा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर थोडा वेळ श्वास गोळा करत राहिले, मग म्हणाले, 'भाषा तुझी आहे.' आणि मग, 'पण बरी आहे.' हेही डिस्कवर आहे. तू तिथपर्यंत ऐकलं असशील असं मला वाटत नाही. तुला हवे होते ते शब्द आधीच सापडले होते.

तुझं पत्र आलं तेव्हा बाबांची खाट मी घडी करून भिंतीला लावलेली होती. तू येऊन, सगळं आटपून, परतही गेला होतास. वरातीमागून घोडं म्हणतात, पण निदान तिथे वरात तरी असते. जाड पिवळसर कागद, सुंदर अक्षर, एकही खाडाखोड नाही, म्हणजे आधी कच्चं लिहून मग पक्कं केलेलं. मी उभ्याउभ्या वाचलं. त्यात होतं ते सगळं बाबांना हवं होतं. तीच चार वाक्यं तू फोनवर कशीबशी, तोतरी, चुकीची बोलला असतास तरी त्यांना पुरली असती. नंतर तू विचारलंस, 'पत्र मिळालं ना?' मी म्हटलं, मिळालं. 'बरं झालं,' म्हणालास. कधी, आणि कुणाला, हे तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. मग पुन्हा येऊन तू हकनाकटॉश आणि डिस्क दोन्ही घेऊन गेलास, आपल्या वस्तू म्हणून. आणि डिस्क ऐकल्यावर तुला सगळं कळलंच, नाहीतर 'का' कापायची वेळ कशाला आली असती?

असो. तुझं काम करून देते. मशीन सुरू होताना जी सेटिंगची फाइल वाचतं ती उघड, मॉडेलच्या ओळीतलं तू लिहिलेलं नाव खोड आणि मी या पानाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलेलं जुनं नाव घाल. लहान-मोठं अक्षर, स्वल्पविराम, सगळं जसंच्या तसं. मशीन बंद करून सुरू करताना डिलीट दाबून ठेव, फर्मवेअरची निळी पाटी येईल. तिथे यूएसबीच्या पानावर 'हँड-ऑफ' असं लिहिलेलं आहे, ते बंद झालं असेल, ते चालू कर. चालू केलं नाहीस तर फर्मवेअर भोकांवरचा हात सोडत नाही आणि प्रणालीला ती नीट मिळत नाहीत. मग साठवून बाहेर ये, आणि सुरू होताना एकदा जुनी आठवण पुसायचा पर्याय निवड. नकाशा आपोआप उघडेल. डिस्क मागच्या वरच्या निळ्या भोकात लाव, पुढच्या भोकांत लावू नकोस, ती आम्ही घालवली आहेत. चकती एकदाच टक करेल आणि मग फिरत राहील. आणि दुसरी कॉपी आहे का असं तू विचारलंस. आहे. बाबांच्या कपाटात, त्यांच्या पेन्सिलींच्या डब्याशेजारी.

यातलं एकूण एक अक्षर बरोबर आहे, दोनदा तपासलं आहे. फोनवर सांगितलं असतं तर चहा निवायच्या आत तुझं मशीन सुरू झालं असतं, आणि कॉपी कुरिअरने तुला उद्या मिळाली असती. मी दोन्ही करणार नाहीये. बरोबर उत्तर हातात पडावं आणि त्याचा काही उपयोग उरलेला नसावा, तेव्हा माणूस ते घेऊन कुठे उभा राहतो, हे तुला समजावं एवढ्यासाठी मी हे पत्र लिहिलं. आता ते पाकिटात घालून चौकातल्या पेटीत टाकते, साध्या टपालाने, तू टाकलं होतंस तसं. आजचं टपाल निघून गेलं आहे. मध्ये सुट्टी येते. तुझ्या हातात पडेल तेव्हा रविवार उलटलेला असेल आणि हॉलमधल्या खुर्च्याही लोकांनी रचून ठेवल्या असतील. बाबांचा आवाज कुणाला ऐकायला मिळणार नाही याचं मला वाईट वाटतं, पण खोटा ऐकण्यापेक्षा ते बरं. तोवर तू डिस्क कपाटातून काढून परत परत लावशील, तिची टकटक ऐकत बसशील आणि जिन्यात पाऊल वाजलं की मान वर करशील. पत्र मिळालं की कळव. घाई नाही.

तुझीच,
मेकॅनिक